थ्री-नॉट-थ्रीचा कप्पा

नोव्हेंबर लागला की विनिपेगमध्ये नारंगी रंग दिसायला लागतो. झाडं तोवर उघडीबोडकी झालेली असतात, हा रंग माणसांच्या अंगावर असतो. ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये, पेट्रोल पंपावर, कॉफीच्या रांगेत भडक नारंगी टोप्या आणि जाकिटं घातलेले बाप्ये-बाया दिसू लागले, की समजायचं, हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला. परवा आमच्या गाडीशेजारीच एक पिक-अप उभा होता. मागच्या फळीवरून शिंगं बाहेर आली होती आणि त्यांवर नुकताच पडलेला भुरभुरा बर्फ बसला होता. मी दोन्ही हातांत पिशव्या धरून बघत राहिले. माझा मुलगा सिद्धार्थ माझी बाही ओढत म्हणाला, "ममा, डोन्ट स्टेअर."

मी त्याला सांगितलं, स्टेअर नाही रे करत, ह्यानं कुठलं काडतूस वापरलं असेल त्याचा अंदाज करतेय. त्यानं डोळे फिरवले आणि गाडीत जाऊन बसला. मी काडतुसांच्या दुकानात होते तेव्हा तो एवढासा होता, डेकेअरमध्ये जायचा, त्याला काही आठवत नाही. इथल्या मराठी मंडळींना सांगितलं तर त्यांनाही खरं वाटत नाही. पण नागपूरच्या पोलीस लाईनीत वाढलेल्या मी, सुजातानं, कॅनडातल्या एका खेडेगावात काउंटरमागे उभं राहून काडतुसं विकलेली आहेत. अन् त्यातला पहिला मोसम असा काही गेला, की नारंगी टोपी दिसली की अजून माझ्या नाकात बंदुकीच्या तेलाचा आणि सूर्यफुलाच्या खाऱ्या बियांचा वास एकदमच येतो.

मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, इथली पहिली धड नोकरी मिळाली ती विनिपेगच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या एका लहान गावातल्या वीज केंद्रावर. गावात एक शाळा, दोन चर्च, धान्याचं एक उंच कोठार आणि डोरीनचं दुकान. नागपूरला मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होते. इथे अप्लाय करकरून कंटाळले होते. एक दिवस डोरीनच्या दारावर 'माणूस पाहिजे' असा कागद दिसला आणि मी आत गेले. दुकानात मासेमारीचे गळ, हॉकीच्या काठ्या, रबरी बूट, बर्फ शोव्हल करायची फावडी असं सगळं होतं, आणि मागच्या भिंतीला काचेआड कुलपात काडतुसं. डोरीन साठीची, ठेंगणी, गालात कायम सूर्यफुलाच्या बिया. दुकान तिच्या वडिलांचं होतं, ते आता ती चालवत होती. तिनं मला एकच गोष्ट विचारली, बंदुकीची भीती वाटते का. मी म्हटलं, नाही, माझे वडील पोलिसात हवालदार होते. तेवढ्यावर तिनं मला ठेवलं. अट एक, आधी सेफ्टीचा कोर्स करून लायसन्स काढायचं.

खरं सांगायचं तर बाबांची बंदूक मी जवळून कधी पाहिली नव्हती. ती घरी येत नसे, ड्युटी संपली की कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, जमा व्हायची. घरी यायचं ते तिचं नाव. आमच्या लाईनीत थ्री-नॉट-थ्री हा शब्द लहान पोरांनाही ठाऊक. उंच काटकुळ्या मुलीला थ्री-नॉट-थ्री म्हणायचे, आणि ती बहुतेक वेळा मीच असायची. वर्षातून एकदा चांदमारी असे, म्हणजे नेमबाजीचा सराव. त्या दिवशी बाबा लाल मातीनं भरलेले कोपर घेऊन यायचे आणि त्यांच्या कानांत इतका आवाज घुमत असे, की जेवायला या म्हणून ओरडून सांगावं लागे. झाडलेल्या प्रत्येक काडतुसाची रिकामी पुंगळी जमा करावी लागायची. एखादी कमी भरली की सगळी तुकडी गवतात गुडघ्यांवर. बाबांनी त्या बंदुकीनं कागदाशिवाय कशावरही गोळी झाडली नाही. हे ते अभिमानानं सांगत.

डोरीनच्या काचेआडची नावं पाठ करायला मला पंधरवडा लागला. नावं कसली, आकडेच. थर्टी-थर्टी, थ्री-ओ-एट, टू-सेव्हन्टी, थर्टी-ऑट-सिक्स. आणि आपली थ्री-नॉट-थ्री, ती इथे थ्री-ओ-थ्री. एकाच शून्याला आपण नॉट म्हणतो, इथे ओ म्हणतात आणि अमेरिकन काडतुसात तेच ऑट होतं. पहिल्या आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाला थ्री-नॉट-थ्री म्हटलं, तर तो डोरीनला विचारायला गेला की हे काय नवीन निघालंय.

दुपारी दुकान रिकामं असलं की डोरीन बिया चावत ह्या आकड्यांचे किस्से सांगायची. दुसरं महायुद्ध संपलं, सैन्याकडे ढिगानं बंदुका उरल्या, त्या स्वस्तात विकायला निघाल्या. शेतकऱ्यांनी घेतल्या. तिच्या लहानपणी प्रत्येक स्वयंपाकघराच्या दारामागे झाडूशेजारी एक थ्री-ओ-थ्री उभी असे, आणि तिचे वडील तिची काडतुसं पावासारखी विकत. दाट झाडीत हिंडणारे लोक आखूड बंदूक घेऊन यायचे आणि थर्टी-थर्टी मागायचे. ज्यांना मूस हे घोड्याएवढं हरीण मारायला लांब जायचं असे, आणि आल्यावर थोड्या बढायाही मारायच्या असत, ते थर्टी-ऑट-सिक्स घेत. प्रत्येक घराचं एक ठरलेलं काडतूस असे, जसं आपल्याकडे प्रत्येक घराचा एक ठरलेला चहा असतो. म्हातारे अजूनही काउंटरवर येऊन नुसतं 'नेहमीचं' म्हणत, आणि कोणाचं नेहमीचं काय हे डोरीनला तोंडपाठ होतं.

तरुण गिऱ्हाईक मात्र 'नेहमीचं' म्हणत नसे. ते फोनवर व्हिडिओ बघून, मनाशी ठरवून येत आणि बहुतेक जण एकच मागत, सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमोर. पहिल्यांदा ते नाव घेताना माझी जीभच वळेना. सडपातळ, लांबट गोळी. खांद्याला धक्का कमी, दूरवर सरळ जाणारी. मुली तर हमखास हेच घेत. दर वर्षी क्रीडमोरला एक कप्पा वाढवून लागतो, असं डोरीन म्हणाली.

आणि कप्पे तर तेवढेच होते. डोळ्यांच्या रेषेतला कप्पा सगळ्यांत मानाचा, जे जास्त खपतं ते तिथे. खपेनासं झालं की एक पायरी खाली, मग आणखी खाली, मग पायाशी, जिथून काढायला वाकावं लागतं. थ्री-ओ-थ्री मात्र वडिलांच्या वेळेपासूनच्या सवयीनं मानाच्याच कप्प्यात होती. खोकी दोन-तीनच उरलेली, उन्हानं रंग उडालेली. त्या सप्टेंबरमध्ये डोरीन म्हणाली की हा कप्पा आता क्रीडमोरला द्यायचा. मला उगाच लागलं. मी म्हटलं, राहू दे ना, तेवढीच जुनी आठवण. ती म्हणाली की हे दुकान आहे, म्युझियम नाही. पण माझं तोंड बघून तिनं तो विषय मोसमापुरता बाजूला ठेवला.

त्याच सुमाराला वॉल्टर दुकानात आला. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गावाबाहेर शेत, बायको वारलेली, आणि एका खांद्याचं ऑपरेशन झालेलं. त्याचं नेहमीचं म्हणजे थ्री-ओ-थ्री. जी खोकी शिल्लक होती ती जड गोळीची होती, तिनं त्याच्या बंदुकीचा नेम बसत नसे. हवी ती मागवून महिने झाले होते, पण कारखाने ती आता कधीतरीच करतात, आली तर वसंतात येतील, असं वरून कळलं होतं. डोरीननं हे सांगितल्यावर तो चिडला नाही. हातमोज्यांची एक जोडी घेतली आणि निघाला. मला राहवलं नाही. मी त्याला सांगितलं, माझ्या वडिलांनी नोकरीतली बरीच वर्षं हीच बंदूक वागवली. तो थांबला. कशाची शिकार करायचे, त्यानं विचारलं. मी म्हटलं, कशाचीच नाही. तो असा हसला, की डोरीन आतल्या खोलीतून बाहेर आली. वडील इकडे कधी आले तर त्यांना माझ्याकडे घेऊन ये, असं सांगून गेला.

बाबा पुढच्याच आठवड्यात यायचे होते.

ते आले तेव्हा पॉप्लरची पानं पिवळी झाली होती आणि कलहंसांचे थवे दिवसभर आरडाओरडा करत दक्षिणेकडे चालले होते. बाबा माकडटोपी घालून घरामागच्या लाकडी डेकवर उभे राहायचे आणि थव्यांची रांग नीट आहे की नाही ते बघायचे. आई आली नव्हती. थंडीचं नाव काढल्यावर तिनं पासपोर्ट कपाटात ठेवून दिला होता. मी कुठे काम करते हे बाबांना फोनवर सांगितलं होतं, पण कशाच्या काउंटरवर उभी राहते हे त्यांनी दुकानात येऊनच पाहिलं. डोरीनला नमस्कार केला, काचेआड बघितलं आणि थ्री-नॉट-थ्रीच्या खोक्यापाशी जरा जास्त वेळ थांबले.

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला आम्ही विनिपेगला गेलो. भाड्याचा हॉल, दारात जॅकेटांचा ढीग, आत वंदना, मग भाषणं, मग जेवण. तिथे मेश्राम काकू भेटल्या. टपाल खात्यातून रिटायर होऊन मुलाकडे आलेल्या, फार वाचलेल्या बाई. मी काय करते हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मला खिरीची वाटी दिली, जवळ बसवलं आणि अगदी मायेनं विचारलं, "पोरी, सम्यक आजीविकेत शस्त्रांचा व्यापार बसते का वं?"

मी खिरीची वाटी खाली ठेवली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. जगायला काय काम करावं आणि काय करू नये हे धम्मात स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि न करायच्या व्यापारांत पहिलंच नाव शस्त्रांचं आहे. मी रोज सकाळी घरी पंचशील म्हणत होते आणि नऊ वाजता कुलूप उघडून काडतुसं विकत होते. ह्या दोन गोष्टी मी आजवर कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

परतीच्या वाटेवर मिलिंद गाडी चालवत होता, सिद्धार्थ झोपला होता. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, उन्हात पिवळी धमक. मी बाबांना म्हटलं, सोडून देते हे काम. बाबा म्हणाले, "हा प्रश्न मले बी होता. बंदूक खांद्यावर अन् तोंडात पंचशील. उत्तर नाही भेटलं. पण प्रश्न कधी घरी ठेवून ड्युटीवर गेलो नाही, संग घेऊन गेलो. तुले सोडाचं तर सोड. पण आधी ज्याले विकते त्याच्या घरी जाऊन पाहून घे."

म्हणून त्या शनिवारी आम्ही वॉल्टरच्या शेतावर गेलो.

मोसम उघडायच्या आधी बंदुकीचा नेम बरोबर आहे ना हे कागदावर पाहून घेतात. वॉल्टरनं गवताच्या गठ्ठ्यांवर कागद लावून ठेवला होता. त्याची नात मेगन विनिपेगहून आली होती. ती नर्स आहे, उंच, मोकळी, कामाच्या सवयीनं भराभर बोलणारी. तिच्याकडे नवी कोरी सिक्स-पॉइंट-फाइव्ह, काळा दस्ता, वर मोठी दुर्बीण. खांद्याच्या ऑपरेशननंतर आजोबांनी हीच वापरावी असा तिचा हट्ट होता. आजोबा ऐकत नव्हते.

वॉल्टरनं आपली बंदूक आणून बाबांच्या हातात दिली. बाबांनी आधी बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा दांडा, मागे ओढून आत बघितलं, बोट घालून खात्री केली, मग ती उलटसुलट पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. मला म्हणाले, "हे लाकूड कोनं कापलं वं?"

मी विचारलं. वॉल्टर म्हणाला, त्यानंच, तरुणपणी. सैन्याच्या बंदुकीवर नळीच्या तोंडापर्यंत लाकूड असतं, रानात हिंडायला जड पडतं, म्हणून इकडे सगळ्यांनीच ते करवतीनं कापून टाकलं. बाबांना हे पटेना. सरकारी मालाला कुऱ्हाड लावल्यावर बघावं तसे ते वॉल्टरकडे बघत होते. शेवटी त्यांनी एक निःश्वास सोडला, ती कापलेली बंदूक खांद्यावर घेतली, टाचा जुळवल्या आणि त्या शेतात, माकडटोपीसकट, परेडची सगळी पद्धत करून दाखवली. खांद्यावर, खाली, बाजूला, सलामी. प्रत्येक वेळी दस्त्यावर हात असा वाजायचा, की शेजारच्या गायी मान वर करायच्या. मेगननं व्हिडिओ काढला. वॉल्टर मात्र हसला नाही, त्यानं टोपी काढून हातात धरली होती.

मग त्यानं खिशातून एक काडतूस काढून बाबांपुढे धरलं. त्याच्याजवळ मोजकीच उरली होती, ते मला ठाऊक होतं. मी बाबांना मराठीत सांगितलं की नको म्हणा. बाबांनी ते घेतलं. गोणपाटावर पालथे पडले, पाय फाकवले, श्वास सोडला. आवाज झाला आणि झाडावरचे सगळे कावळे उडाले. मेगन दुर्बिणीतून बघून म्हणाली की मधल्या गोलाला लागली आहे. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते बोल्ट ओढून मोकळे झाले होते आणि कापलेल्या गव्हाच्या खुंटांत रांगत काहीतरी शोधत होते. मला वाटलं चष्मा पडला. तेवढ्यात वॉल्टरही आपले दुखरे गुडघे टेकून शेजारी रांगायला लागला.

दोघंही पुंगळी शोधत होते. बाबा सवयीनं, कारण पुंगळी जमा केल्याशिवाय चांदमारी संपत नाही. आणि वॉल्टर गरजेनं, कारण काडतुसं मिळेनात म्हणून तो गॅरेजमध्ये रिकाम्या पुंगळ्यांत ठिणगीची नवी टोपी, बंदुकीची दारू आणि गोळी बसवून स्वतःच भरायला लागला होता. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. पण सापडली तेव्हा दोघं एकदमच ओरडले.

आत बसून कॉफी पिताना मी वॉल्टरला म्हटलं, ही एवढी चांगली जुनी काडतुसं लोक विसरत चालले, ह्याचं वाईट वाटत असेल ना. मला वाटलं तो हळहळेल. तो म्हणाला, "चांगली होती म्हणून आम्ही ती निवडली नाहीत, सू. ती स्वस्त होती आणि दारामागे होती. मेगनचं काडतूस माझ्या काडतुसापेक्षा चांगलं आहे. मला फक्त ह्याची सवय आहे."

मी बाबांना हे भाषांतर करून सांगितलं. बाबांनी मान हलवली. त्यांनी तरी कुठे निवडली होती? भरती झाल्यावर कोताच्या खिडकीतून जी आली ती त्यांची. आणि मी मात्र त्या रंग उडालेल्या खोक्यांवर काय काय लादून बसले होते. माझं बालपण, आमची लाईन, बाबांची खाकी. वॉल्टरला त्यातलं काही नको होतं. त्याला हिवाळ्यासाठी एक हरीण हवं होतं. त्यानं मला तळघरातलं फ्रीझर उघडून दाखवलं, जवळजवळ रिकामं. एक हरीण वर्षाला, अर्धं त्याचं, उरलेलं रस्त्यावरच्या दोन म्हाताऱ्या शेजारणींचं आणि मेगनचं. मटण तो विकत घेतच नसे. नेम चुकून जनावर जखमी होऊन पळालं, तर दिवसभर त्याच्या मागावर जावं लागतं, आणि ते त्याला आता झेपणार नाही. म्हणूनच त्याला स्वतःच्या हाताला सवयीची बंदूक हवी होती, दुसऱ्याची नको.

त्यानंतर बाबा रोज सकाळी तयार होऊन बसायला लागले. मी दुकानात जाताना त्यांना वॉल्टरकडे सोडायचे. गॅरेजमध्ये एक हीटर, दोन खुर्च्या. बाबा पुंगळ्या घासूनपुसून लख्ख करायचे, वॉल्टर भरायचा. मिलिंद म्हणायचा, दोन म्हातारे करंज्या भरत बसल्यासारखे दिसतात. वॉल्टर दमला की बाबा कॉफीचा मग पुढे सरकवायचे, आणि काम थांबायचं.

मी काम सोडलं नाही. पण काउंटरमागे उभी राहायची माझी रीत बदलली. आधी मी लायसन्स बघायचे, आता माणूसही बघायला लागले. एका दुपारी एक जण आला, ओळखीचाच, लायसन्स चोख, पण तोंडाला दारूचा वास. मी काढलेलं खोकं परत आत ठेवलं आणि उद्या या म्हटलं. तो रागावला, मोठ्यानं बोलला. डोरीन बाहेर आली, काय झालं ते विचारलंसुद्धा नाही, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तो आला, टोपी हातात घेऊन, आणि खोकं घेऊन गेला.

नोव्हेंबरात बर्फ पडला, मोसम उघडला. वॉल्टर पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं परतला. दुसऱ्या दिवशीही. बाबा आमच्या खिडकीत उभे राहून रस्त्याकडे बघायचे, जणू त्यांचीच तुकडी बाहेर गेली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पिक-अप आमच्या ड्राइव्हवेत शिरला. वॉल्टरनं खिडकीची काच खाली केली आणि एक बोट वर केलं. एकच गोळी. जनावर जागीच पडलं होतं. बाबांनी हात जोडले, ते वॉल्टरला की त्या हरणाला, मला समजलं नाही.

आठवड्यानं तो तपकिरी कागदात गुंडाळलेलं मांस घेऊन आला. बाबांनी नागपूरहून आणलेला सावजी मसाला काढला. मी मेश्राम काकूंना मुद्दाम फोन करून बोलावलं. त्या मुलाच्या गाडीतून आल्या. रस्सा काळाभोर झाला होता, वर लाल तर्री. वॉल्टरचं नाक, डोळे, कान, सगळं गळायला लागलं, तरी तो ताट सोडेना. काकूंनी त्याच्यापुढे दही सरकवलं आणि माझ्याकडून त्याला फ्रीझर, शेजारणी, नेम, सगळं विचारून घेतलं. निघताना बूट चढवता चढवता त्या मला म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. रस्साही चांगला होता. पण प्रश्न मी पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन हां." मी म्हटलं, विचारा काकू. त्यांनी विचारलाच, दर वर्षी विचारतात, आता मी ते काम करत नाही तरी. त्यांनी विचारायचं थांबवलं तर मला चुकल्यासारखं होईल.

बाबा डिसेंबरात परत गेले. मोसम संपल्यावर एका सकाळी मी दुकानात लवकर गेले, कुलूप उघडलं, थ्री-नॉट-थ्रीची ती खोकी मानाच्या कप्प्यातून काढली, फडक्यानं पुसली आणि सगळ्यांत खालच्या कप्प्यात नीट रचली. मोकळ्या जागी क्रीडमोर लावलं. डोरीन आली, तिनं भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुठीतल्या बिया माझ्या हातावर ठेवल्या. वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. खालच्या कप्प्यातूनही ज्याला हवं तो वाकून घेतोच.

नंतर मिलिंदची बदली झाली, आम्ही विनिपेगला आलो, मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत लागले. गाव सुटलं, पण मेगन इथल्याच हॉस्पिटलात आहे, तिचं-माझं येणंजाणं राहिलं. ती सांगते की आता सिक्स-पॉइंट-फाइव्हही तरुण पोरांना जुनं वाटायला लागलंय, त्यातले काही त्याहून नवं काहीतरी मागतात. मेगनला त्यांचा राग येतो. मला हसू येतं.

पार्किंग लॉटमधल्या त्या शिंगांनंतर दुसऱ्याच दिवशी, काल, मेगनचा व्हिडिओ कॉल आला. ती शेतावर होती. शेजारी वॉल्टर, पंच्याऐंशीच्या घरात, नारंगी टोपी कपाळापर्यंत. ह्या वर्षी पहिल्यांदा नातीपुढे हार मानून त्यानं तिची बंदूक घेतली होती. हरीण मिळालं होतं. मी अभिनंदन केलं, तर म्हातारा फुरंगटलेला. म्हणाला, खांद्याला काही लागलंच नाही. इतकी वर्षं ही पोरगी सांगत होती, मी मूर्खासारखा ऐकलं नाही, फुकट खांदा दुखवून घेतला. मेगन मागे तोंड दाबून हसत होती. फोन ठेवताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या बाबांना सांगू नकोस."

मी लगेच बाबांना फोन लावला. नागपूरला सकाळ होती, आई मागे काहीतरी फोडणीला घालत होती. वॉल्टरनं बंदूक बदलली हे ऐकून बाबा हळहळतील असं मला वाटलं. पण ते आवाज उतरवून म्हणाले, "सुजे, आमच्या थ्री-नॉट-थ्री काढून नव्या सेल्फ-लोडिंग रायफली भेटल्या न, तवा साऱ्या लाईनीत हळहळ झाली. मी बी केली, सगळ्याईच्या पुढं. अन् पहिल्याच चांदमारीत समजलं, हे चांगली आहे. खांदा दुखलाच नाही. पण सांगाव कसं? म्हणून घरी येऊन सवयीनं तुझ्या आईजवळून तेल लावून घेतलं. चांगलं दोन दिवस. तिले नको सांगू."

बाबांचा फोन स्पीकरवर होता. मागून झाऱ्याचा आवाज थांबला.

"मले तवाच समजलं होतं," आई म्हणाली. "दुखऱ्या खांद्याचा माणूस तेल लावून घेता घेता शीळ नाही वाजवत."